शेंग श्वानह्वाइ

निरोप नेणारी बारीकशी तार राज्य सांवरूं शकते आणि उलथवूंही शकते, हें ज्याच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें, अशा एका चिनी मुत्सद्द्याची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस करून देत आहों.

शेंगचा जन्म 1844 सालीं क्यांगसू प्रांतांतील चांगचौ येथें झाला. 1870 सालीं तो ली हुंगचांग या बलाढ्य सुभेदाराच्या पदरीं राहिला. त्या काळीं चिनी लोकांचा तारायंत्रावर मोठा रोष असे. 1865 सालीं शांघायनजीक एका परदेशी व्यापाऱ्यानें उभारलेले खांब अधिकाऱ्यांच्या मूक संमतीनें लोकांनीं उपटून टाकले. अशा खांबांनीं पूर्वजांच्या थडग्यांची शांति भंगते अशी समजूत होती. पुढें 1871 सालीं एका डॅनिश कंपनीनें हाँगकाँगहून शांघायपर्यंत समुद्रांतून तार आणली. हें साधन परकीयांच्या मुठींत जाऊं नये म्हणून लीनें तिएन्त्सिन-शांघाय तार उभारविली. ती 1881 अखेर पुरी झाली व तिचा कारभार शेंगकडे आला. भांडवल व्यापाऱ्यांचें आणि देखरेख सरकारची, अशी व्यवस्था होती. चिनी लिपींत अक्षरें हजारों. म्हणून प्रत्येक अक्षरास चार आंकड्यांची संख्या देऊन तीच तारेनें धाडीत.

ज्याच्या हातीं तार त्याच्या हातीं दरबाराचा कान, हें लवकरच सर्वांस उमगलें. 1900 च्या जानेवारींत राजमाता त्सी-शी हिनें बादशहास दूर सारण्याच्या हेतूनें युवराज नेमला. तेव्हां शेंगच्याच हाताखालील शांघाय तारकचेरीचा प्रमुख चिंग युआनशान यानें 1231 जणांच्या नांवें पेकिंगास निषेधाची तार केली. त्यास पकडण्याचा हुकूम सुटला व तो जीव घेऊन मकावला पळाला. त्याच उन्हाळ्यांत बॉक्सर बंडखोरांनीं उत्तरेकडील खांब व तारा तोडल्या. शेंगनें मात्र दक्षिणेच्या सुभेदारांशीं तारेनेंच खलबत करून त्यांस परकीयांशीं युद्ध करण्यापासून परावृत्त केलें आणि तो मुलूख वणव्यांतून वांचला.

1902 सालीं शेंगचा पिता वारला. चिनी रिवाजाप्रमाणें सुतकांत अधिकारपदें सोडावीं लागत. ही संधि साधून त्याचा प्रतिस्पर्धी युआन शिकाई यानें तारखातें बळकाविलें. 1908 सालीं सरकारनें व्यापाऱ्यांचे शेअरही विकत घेतले. पण दैवाचें चक्र फिरलें. 1909 च्या आरंभीं युआन पदच्युत झाला आणि 1911 सालीं शेंग टपाल व दळणवळण खात्याचा मंत्री झाला.

येथेंच त्याची मोठी चूक झाली. लोकांनीं वर्गणी देऊन काढलेल्या रेल्वेकंपन्या त्यानें त्याच वर्षीं मे महिन्यांत सरकारजमा केल्या. सेच्वान प्रांत खवळला. 7 सप्टेंबर रोजीं चेंगतू येथें सुभेदाराच्या शिपायांनीं गाऱ्हाणें घेऊन आलेल्या जमावावर गोळ्या झाडल्या. तीसांहून अधिक माणसें पडलीं. टपाल व तार लोकांस बंद झाली. तेव्हां त्यांनीं लांकडी फळ्यांवर ही वार्ता लिहिली, त्यांस तेल चोपडलें आणि त्या नदींत सोडून दिल्या. प्रवाहानें ती वार्ता गांवोगांव पोंचविली. लोक या फळ्यांस पाण्याची तार म्हणूं लागले.

10 ऑक्टोबरला वूचांग येथें क्रांतीचा भडका उडाला. 26 तारखेस दरबारानें शेंगला बडतर्फ केलें व तो जपानला पळाला. पुढें स्वदेशीं परतून 27 एप्रिल 1916 रोजीं शांघाय येथें तो वारला. युआनही त्याच वर्षीं जूनमध्यें गेला.

शेंगच्या कर्तबगारीविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि ज्यानें देशभर तार पसरविली, त्यालाच लोकांच्या मनांतील वार्ता कळली नाहीं. आणि जी तो ऐकूं इच्छीत नव्हता, ती नदीनें वाहून नेली. अधिकार हातीं येईल तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या फळ्यांचें स्मरण ठेवावें.