सावित्रीबाई फुले: शाळेचें दार आणि शाळेंतील जागा

जे बंधुभगिनी आपापल्या गांवीं लेंकरांस शिकविण्याचें काम करितात, मग तें सरकारी शाळेंतलें असो कीं शब्बाथशाळेंतलें, त्यांच्यापुढें आज आम्ही एका शिक्षिकेचें चरित्र ठेवितों. त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. ३ जानेवारी ह्या त्यांच्या जन्मदिवशीं महाराष्ट्रांतील शाळांतून त्यांच्या तसबिरीस हार घालण्यांत येतो, आणि २०१४ सालीं पुण्याच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें. परंतु हार घालणें सोपें आहे. त्या ज्या वाटेनें चालल्या त्या वाटेनें चालणें कठीण आहे. ती वाट कोणती होती हें आपण पाहूं.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ सालीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील हे शेतकरी होते. १८४० सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, पुण्याचे जोतिराव फुले ह्यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. त्या काळीं शिकलेल्या स्त्रीस वैधव्य येतें अशी लोकांची समजूत होती. त्यामुळें सावित्रीबाई सासरीं आल्या तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती.

जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले होते. अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फरार ह्या बाई मुलींच्या शाळा चालवीत असत. त्यांचें काम जोतिरावांनीं पाहिलें, आणि पुण्यासही अशी शाळा काढावी असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु शिकविणारी स्त्री कोठून आणावी? ती त्यांनीं आपल्याच घरांत तयार केली. प्रथम ते स्वतः पत्नीस शिकवूं लागले. पुढें सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर ह्या त्यांच्या मित्रांनीं तें शिक्षण पुढें नेलें.

१८४८ सालीं पुण्यास बुधवार पेठेंतील भिडे ह्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तेव्हां सतरा वर्षांच्या होत्या. त्या शाळेस जाऊं लागतांच वाटेंत लोक शिव्या देत, अंगावर शेण व चिखल टाकीत. म्हणून त्या बरोबर दुसरें लुगडें घेऊन जात, शाळेंत पोंचल्यावर तें नेसत, आणि मुलींपुढें स्वच्छ वस्त्रांनीं उभ्या राहत, असें सांगतात.

शेजारच्यांनीं व जातीच्या लोकांनीं सासऱ्यांवर दडपण आणिलें. शाळा सोडा किंवा घर सोडा असा प्रसंग १८४९ सालीं आला, आणि त्या नवराबायकोनें घर सोडलें. पैशाच्या व माणसांच्या अभावीं कामास मध्यंतरीं खीळ बसली. तरी १८५१ व १८५२ ह्या दोन सालांत पुण्याच्या निरनिराळ्या पेठांत त्यांनीं मुलींच्या शाळा पुन्हां उभ्या केल्या. १८५२ च्या नोव्हेंबरांत विश्रामबाग वाड्यांत सरकारच्या वतीनें मेजर कँडी ह्यांनीं जोतिरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. ह्यापुढची गोष्ट मात्र शिक्षकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावी.

महार व मांग समाजांच्या मुलांसाठींही फुले दांपत्यानें शाळा काढिल्या. परंतु शाळा उघडली म्हणजे मूल आपण होऊन तेथें येत नाहीं. ज्या आईबापांस पिढ्यान्‌पिढ्या अक्षराजवळ उभें राहूं दिलें नव्हतें, त्यांस शाळेचा भरंवसा एकाएकीं कसा वाटावा? आणि ज्या घरीं लहान हातांच्या मजुरीवांचून चूल पेटत नाहीं, तेथून मूल कोण सोडील? तेव्हां लहुजी साळवे ह्यांच्यासारखीं त्यांच्याच समाजांतील वजनदार माणसें घरोघर जाऊन लोकांची समजूत घालीत, आणि मुलें शाळेंत येऊं लागत. ज्यांच्यासाठीं काम करावयाचें, त्यांच्यांतीलच माणूस बरोबर घेतल्याशिवाय तें काम मूळ धरीत नाहीं, हें त्या उभयतांनीं ओळखिलें होतें.

सावित्रीबाई एकट्याही नव्हत्या. १८५६ सालीं त्या आजारी पडून माहेरीं गेल्या असतां त्यांनीं पतीस पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं आपली सहकारी फातिमा हिची आठवण काढिली, कारण आपल्या मागें तिच्यावर कामाचा भार पडला असेल ही चिंता त्यांस होती. अशा रीतीनें माळ्याची सून, मुसलमानाची लेक, ब्राह्मण मित्र व मांग समाजाचे पुढारी हे सर्व एका कामास लागले. शाळेंत मुलांनीं एकत्र बसावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आधीं आपण एकत्र काम करावें लागतें.

आतां ह्या शाळांचें फळ पाहूं. मुक्ता साळवे नांवाची मांग समाजांतील सुमारें चवदा वर्षांची मुलगी तेथें शिकत होती. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर तिनें आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि १८४२ सालीं सुरू झालेल्या ज्ञानोदय ह्या मिशनच्या पत्रानें तो १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत छापिला. आपल्या लोकांवर पूर्वीं कसे जुलूम झाले, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे कसे हाल होतात, आणि ज्याचें पुस्तक एकानेंच वाचावें व बाकीच्यांनीं त्याकडे पाहूंही नये तो धर्म कसला, असें तिनें त्यांत निर्भयपणें विचारिलें. तिच्या गुरुजनांनीं तिला वाचावयास शिकविलें एवढेंच नव्हे. मनांतलें दुःख स्वतःच्या शब्दांत मांडण्याचें धैर्य तिला आलें, हें त्यांच्या शिकवणीचें खरें फळ होय. जें मूल वर्गांत बसतें पण तोंड उघडीत नाहीं, त्याला अजून शाळेंत जागा मिळाली नाहीं असें समजावें.

हीच गोष्ट १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतिरावांनीं मांडिली. महार, मांग वगैरेंच्या मुलांस वरच्या जातींच्या मुलांशेजारीं बसूं देत नाहींत, म्हणून सरकारी शाळा त्यांस असून नसल्यासारख्या आहेत, असें त्यांनीं सांगितलें. दार कायद्यानें उघडतें. बाकावरची जागा शेजारच्यानें सरकून द्यावी लागते.

पुढें १८६३ सालीं फसलेल्या विधवांसाठीं ह्या दांपत्यानें प्रसूतिगृह काढिलें, आणि अशाच एका विधवेच्या मुलास दत्तक घेतलें. त्याचें नांव यशवंत. तो पुढें डॉक्टर झाला. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुला केला. १८९० सालीं जोतिराव वारले. तरी सावित्रीबाईंनीं काम सोडलें नाहीं. १८९७ सालीं पुण्यास प्लेग आला, तेव्हां यशवंतानें हडपसरजवळ रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एक आजारी मुलगा त्यांनीं आपल्या पाठीवर घालून तेथवर आणिला, असें सांगतात. त्या सेवेंत त्यांस तोच रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या.

सावित्रीबाईंनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला नव्हता. त्या सत्यशोधक समाजाच्या होत्या. म्हणून त्यांस आपल्यांत ओढण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट त्यांच्याकडे पाहून आपणांसच लाज वाटावी असें कांहीं आहे. प्रभूच्या मेजाभोंवतीं जात नाहीं असें आपण शिकवितों. तथापि एकाच मंडळींतील घराणीं पूर्वीच्या जातीप्रमाणें वेगळालीं बसलेलीं आम्हीं कांहीं गांवीं पाहिलीं आहेत. लेंकरें तें पाहतात, आणि पाहून शिकतात.

भिडे वाड्याची जुनी इमारत २०२३ सालीं पाडण्यांत आली. भिंती जातात; शिकविण्याची रीत मात्र कोणी चालविली तर राहते. तेव्हां, शिक्षक बंधुभगिनींनो, पुढच्या वेळीं वर्ग भरेल तेव्हां हजेरी घेण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहा. कोणतें मूल दाराशीं बसलें आहे, आणि कोणतें मूल अजून घरींच आहे? पहिल्यास पुढें बोलावा. दुसऱ्याच्या घरीं त्याच संध्याकाळीं जा.