मेंदूचा चित्रकार : सांतियागो रामोन इ काहाल

चित्रे काढणाऱ्या मुलाचे पुढे कसे व्हायचे, ही आईबापांची चिंता फार जुनी आहे. आपल्या महाविद्यालयातील कित्येकांनी ती घरी ऐकलेली असेल. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील खेड्यांतून वैद्यकी करणाऱ्या डॉन हुस्तो रामोन या गृहस्थांनाही तिने ग्रासले होते. त्यांचा थोरला मुलगा सांतियागो चित्रांच्या नादाने पार वेडा झाला होता. कागद मिळाला नाही तर तो भिंती रंगवी. गरिबीतून कष्टाने वर आलेल्या वडिलांना चित्रकला म्हणजे उपासमारीचे आमंत्रण वाटे. मुलाने डॉक्टरच झाले पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी पेतिया दे आरागोन या लहानशा डोंगरी गावात झाला. पाठांतराचा त्याला तिटकारा होता आणि खोड्यांना अंत नव्हता. अकराव्या वर्षी घरी बनवलेल्या तोफेने त्याने शेजाऱ्याचे फाटक उडवले आणि त्यापायी काही दिवस गावच्या कोठडीत काढले! वडिलांनी रंग-कुंचले हिसकावून घेतले. पोराला वळण लागावे म्हणून त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि पुढे जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. चित्रांचे वेड मात्र तसूभरही कमी झाले नाही.

शेवटी वडिलांनीच एक युक्ती केली. १८६८ च्या उन्हाळ्यात ते मुलाला जुन्या दफनभूमीत घेऊन गेले. तेथे उघड्यावर पडलेली हाडे गोळा करून ते त्याला शरीररचना शिकवू लागले. ती हाडे रेखाटता रेखाटता सांतियागोला शरीरशास्त्राची गोडी लागली. बाप-लेकांचे भांडण तेथे मिटले. पुढे वडील सारागोसा येथे शरीररचना शिकवू लागले, तेव्हा मुलाने काढलेल्या चित्रांचा संग्रह छापण्याचे त्यांनी मनात घेतले. तशी छपाई तेथे होणे शक्य नव्हते, म्हणून तो बेत राहून गेला. तरी ज्या हातातून कुंचला काढून घेतला, त्याच हाताचे आता वडिलांना कौतुक वाटू लागले होते.

१८७३ मध्ये सांतियागो डॉक्टर झाले. लगेच लष्करी वैद्य म्हणून त्यांना क्यूबाला जावे लागले आणि मलेरियाने खंगून १८७५ मध्ये ते परतले. १८७९ मध्ये सिल्व्हेरिया फान्यानास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे व्हॅलेन्सियाला ते प्राध्यापक झाले. १८८५ मधील पटकीच्या साथीसंबंधी त्यांनी केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्यांना उत्तम प्रतीचा सूक्ष्मदर्शक भेट दिला. पुढच्या संशोधनात तो त्यांचा सोबती ठरला.

मेंदू कशाचा बनलेला आहे, हा त्या काळचा मोठा वादाचा प्रश्न होता. शरीराचे इतर अवयव सुट्या पेशींचे बनलेले आहेत, हे सर्वांना मान्य होते. मेंदूतील तंतू मात्र एकमेकांत मिसळून अखंड जाळे बनवतात, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानीत. इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली होती. शेकडो पेशींपैकी मोजक्याच तीत रंगत, पण ज्या रंगत त्या आपल्या सर्व फांद्यांसह दिसत. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो यांच्याकडे काहाल यांनी असा नमुना पाहिला आणि त्यांना जणू ध्यासच लागला. त्याच वर्षी ते बार्सिलोनाला गेले.

अडचण अशी होती, की प्रौढ प्राण्याच्या मेंदूत तंतूंवर स्निग्ध आवरण चढलेले असते आणि तेथे हा रंग नीट बसत नाही. शिवाय फांद्यांची गर्दी इतकी, की डोळ्याने एकीचा माग काढणे अशक्य! काहाल यांनी येथे उलटी वाट धरली. घनदाट अरण्यात झाडे ओळखू येत नसतील, तर रोपवाटिकेत जाऊन ती पाहावीत, असा त्यांचा विचार होता. त्यांनी अंड्यातील पिल्लांचे आणि नवजात प्राण्यांचे मेंदू घेतले. तेथे आवरण अजून चढलेले नव्हते, फांद्या थोड्या होत्या. १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूचा अभ्यास करून त्यांनी दाखवले, की तंतू दुसऱ्या पेशीजवळ जाऊन मोकळेच संपतात. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. हे छापायला त्यांनी स्वतःचे त्रैमासिक काढले आणि स्वतःच्या खर्चाने त्याचे अंक परदेशी पाठवले. १८८९ मध्ये नमुने बरोबर घेऊन ते बर्लिनच्या परिषदेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ते एकेकाला सूक्ष्मदर्शकाशी बोलावीत होते. वयोवृद्ध स्विस शास्त्रज्ञ कोलिकर यांनी ते नमुने पाहिले आणि ते काहाल यांचे पुरस्कर्ते बनले.

१८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर शंकू होता. काचेवरचा नमुना मृत, निश्चल. पण चित्रकाराच्या नजरेने त्यांनी त्यातली हालचाल ताडली : हा शंकू वाट चाचपडत पुढे सरकतो आणि तंतूला त्याच्या मुक्कामी नेतो. १८९२ मध्ये त्यांनी असेही सुचवले, की वाटेतील पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडून त्याला बोलावीत असाव्यात. १९०७ मध्ये अमेरिकेच्या रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील जिवंत तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. वाट दाखवणारी द्रव्येही विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती लागली.

याच बार्सिलोनाच्या वर्षांत काहाल यांची लहानगी मुलगी एन्रिकेता मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या दाहाने, गेली. तिच्या आजारपणातील रात्रीही ते सूक्ष्मदर्शकाशी बसत. वाढत्या मेंदूची गुपिते एकेक करून उकलणाऱ्या या माणसाला घरातला एक वाढता मेंदू वाचवता आला नाही. त्या दुःखाचा सल त्यांच्या आत्मचरित्रात उमटला आहे.

पुढे माद्रिदला त्यांनी अर्भकांच्या मेंदूचाही बारकाईने अभ्यास केला. आज आपल्याला हा प्रवास अधिक स्पष्ट दिसतो. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच पेशींची एक पट्टी वळून नळी बनते आणि तिच्यातून मेंदू व मेरुरज्जू घडतात. पेशी जन्म घेतात, आपल्या जागी चालत जातात आणि मग फांद्या फुटतात. जन्माच्या वेळी मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो. प्रौढपणी तो सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. ही वाढ मुख्यतः फांद्यांची, आवरणांची आणि साहाय्यक पेशींची. आधी जोडण्या गरजेपेक्षा जास्त होतात. मग वापरातल्या टिकतात, बाकीच्या छाटल्या जातात. कपाळामागील भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. म्हणजे हा अंक वाचणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा मेंदू अद्याप घडतोच आहे!

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गॉल्जी यांना मिळून देण्यात आले. त्या समारंभातील व्याख्यानातही गॉल्जी यांनी अखंड जाळ्याचाच पक्ष मांडला. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधील फट दाखवली आणि काहाल यांचे म्हणणे पक्के झाले. त्यांचे सर्वच निष्कर्ष मात्र तसेच्या तसे टिकले नाहीत. प्रौढ मेंदूतील वाटा जवळजवळ कायमच्या ठरून गेलेल्या असतात, असे १९१३-१४ च्या ग्रंथात त्यांनी लिहिले आणि त्याला मुरड घालण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर सोपवले. शिकण्याने जोडण्या आयुष्यभर बदलत राहतात, हे आता मान्य आहे. मानसिक परिश्रमाने फांद्या वाढत असाव्यात, असे त्यांनीही १८९४ मध्ये लंडनच्या व्याख्यानात मांडले होते.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदला काहाल निवर्तले. मागे हजारो चित्रे राहिली. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांचा संग्रह जागतिक स्मृतिठेव्यात नोंदवला. चेताशास्त्राच्या पुस्तकांतून त्यांची चित्रे आजही छापली जातात. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ती एकदा अवश्य पाहावीत. ज्या छंदापायी पोर उपाशी मरेल अशी धास्ती डॉन हुस्तोंना वाटत होती, त्याच छंदाने माणसाला स्वतःचा मेंदू प्रथम नीट दाखवला.