वर्तणुकीत शून्य

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फ्रेंच सिनेमावर कशाला लिहावे, असे आमच्या वर्गातले काहीजण विचारतीलच. माझे उत्तर एवढेच की, ज्या माणसाविषयी मी लिहिणार आहे त्याचा जमाखर्च पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोट्याचा आहे, आणि तरीही त्याच्या नावाचे खाते आजतागायत बंद झालेले नाही. हा हिशेब मला आमच्या क्रमिक पुस्तकांच्या आधारे जुळवता येईना, म्हणून मी त्याच्या आयुष्याकडे वळलो.

माणसाचे नाव जाँ व्हिगो. तो जगला २९ वर्षे. त्याने केले चार चित्रपट, आणि त्यातले दोन तर अगदी छोटे. चारही ओळीने लावले तरी तीन तास भरत नाहीत. आपल्याकडे एका हिंदी सिनेमाला यापेक्षा जास्त वेळ लागतो!

व्हिगोचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील अराजकवादी चळवळीतले. कोवळ्या वयातच त्यांना पोरांच्या तुरुंगाची हवा खावी लागली होती. पुढे ते पत्रकार झाले आणि त्यांनी मिगेल आल्मेरेदा असे नाव घेतले. या आडनावातली अक्षरे फिरवली की फ्रेंचमधला एक चांगलाच असभ्य शब्द बाहेर पडतो. तो शब्द वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे तो परत येणार आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या वृत्तपत्रावर जर्मनांचे पैसे घेतल्याचा आरोप आला. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना अटक झाली आणि थोड्याच दिवसांत ते तुरुंगात मृतावस्थेत सापडले. गळ्याभोवती बुटाच्या नाड्या होत्या. सरकारने आत्महत्या म्हटले. पुष्कळांना ते पटले नाही. जाँ तेव्हा १२ वर्षांचा होता.

देशद्रोह्याचा मुलगा म्हणून कोणी त्रास देऊ नये यासाठी त्याला दूर दक्षिणेत नेले आणि जाँ साल अशा खोट्या नावाने शाळेत घातले. आपल्या सीमाभागात मराठी आणि कन्नड कागदांवर नावात एका वेलांटीचा फरक पडला तरी कचेरीचे हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला येतो. इथे तर वडिलांनी मागे ठेवलेली एकच गोष्ट, म्हणजे नाव, तेही मुलाला लपवावे लागले. मिलो या गावच्या शाळेत त्याने वसतिगृहात चार वर्षे काढली. तिथल्या कोसा आणि ब्रुएल या मित्रांची नावे त्याने पुढे आपल्या चित्रपटातील मुलांना दिली.

तब्येत मुळातच नाजूक, त्यात क्षयाने गाठले. पिरेनीज पर्वतातील फाँ-रोमू येथील आरोग्यधामात त्याची लिदू या पोलिश मुलीशी ओळख झाली. तीही तिथे उपचारासाठीच आली होती. १९२९ मध्ये त्यांनी लग्न केले. सासरे कारखानदार. त्यांनी जावयाला १,००,००० फ्रँक दिले. आमच्या घरातल्या मंडळींना विचारले असते तर त्यांनी मुदत ठेव नाहीतर भुसार दुकान सुचवले असते. व्हिगोने त्यातून एक जुना, वापरलेला कॅमेरा घेतला.

हवा मानवेल म्हणून नवराबायको समुद्रकाठच्या नीस शहरी राहायला आली होती. हे श्रीमंतांच्या सुट्टीचे गाव. बोरिस कॉफमन नावाचा छायाचित्रकार व्हिगोला भेटला आणि दोघांनी १९३० मध्ये या शहरावर सुमारे २५ मिनिटांचा मूकपट केला. कॅमेरा लपवून, चाकाच्या खुर्चीत बसून ते समुद्रकाठच्या रस्त्याने फिरत. त्यामुळे खुर्च्यांवर पहुडलेले धनिक जसेच्या तसे सापडले. पडद्यावर त्यांच्यामागोमाग अरुंद गल्ल्यांतली गरीब वस्ती येते. सांगायचे ते नुसत्या चित्रांच्या शेजाराने सांगितले आहे. चर्चा झाली, पैसा मिळाला नाही. पुढल्या वर्षी तारिस नावाच्या जलतरणपटूवर एक दहा मिनिटांचा बोलपट त्याने केला. त्यात पाण्याखालून घेतलेली दृश्ये आहेत, आणि त्यांचा उपयोग त्याला पुढे व्हायचा होता. मधल्या काळात मुलगी झाली आणि हात आणखी आखडला.

आता नुनेझ. माझ्या मते हे या हकिगतीतले दुसरे महत्त्वाचे पात्र, आणि वाणिज्यवाल्यांनी तर याच्याकडेच नीट पाहावे. झाक-लुई नुनेझ हे धंदेवाईक गृहस्थ. त्यांनी व्हिगोवर २,००,००० फ्रँक लावले. त्यातून जो चित्रपट झाला त्याचे नाव ‘झेरो द काँद्वीत’, म्हणजे वर्तणुकीत शून्य. ज्या मुलाला हे शून्य मिळे त्याची रविवारची सुट्टी रद्द होई. १९३२ च्या डिसेंबरात काम सुरू झाले आणि पुढच्या महिन्यात ते उरकावे लागले. चित्रपट जेमतेम पाऊण तासाचा.

वसतिगृहातली मुले बंड करतात, एवढीच गोष्ट. मुख्याध्यापक म्हणून एक दाढीवाला बुटका. मुलांना रोज उठून त्याच त्या घेवड्याच्या बिया खायला घालतात. (मेसमध्ये राहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.) बिया करणाऱ्या बाईचा मुलगा मात्र याच वर्गात आहे, पोरे बियांवर ओरडू लागतात तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहा. मग ताबार नावाचा गरीब, मुलीसारखा दिसणारा मुलगा एका मास्तरांना तोंडावर तो शब्द ऐकवतो, वडिलांच्या टोपणनावात लपलेला. त्या रात्री शयनगृहात उशा फुटतात, पिसे हिमासारखी पडू लागतात आणि मुलांची मिरवणूक एकदम संथ गतीने निघते. संगीतकार मोरीस झोबेर यांनी त्यासाठी सूर लिहिले, ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवून घेतले आणि ते ध्वनिमुद्रण परत उलटे चालवले. ऐकताना ओळखीचे काहीतरी अनोळखी होऊन येते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या समारंभात पुढे पाहुणे बसले आहेत आणि मागच्या रांगांत चक्क बाहुल्या! छपरावर चढलेली चार मुले त्या सर्वांवर हाताला येईल ते फेकतात. प्राध्यापकवर्गाने रागावू नये. मुलांशी खेळणारा आणि चार्ली चॅप्लिनची नक्कल करणारा एक शिक्षकही यात आहे, आणि व्हिगोने त्याला मुलांच्याच बाजूला ठेवले आहे.

एप्रिल १९३३ मध्ये चित्रपट दाखवला गेला, आणि त्याच वर्षी सेन्सॉरने त्यावर बंदी घातली. ती १९४५ पर्यंत उठली नाही. नुनेझ यांचे २,००,००० फ्रँक बुडीत खाती गेले. आमच्या शिकवणीप्रमाणे इथे व्यवहार संपायला हवा. नुनेझ यांनी त्याच माणसावर पुन्हा पैसे लावले, आणि तेही पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक. शहाणपण केले ते एवढेच की या खेपेस सेन्सॉरला बोट ठेवायला जागा मिळू नये अशी निरुपद्रवी कथा दिली. एका मालवाहू नौकेचा तरुण तांडेल लग्न करून बायकोला नौकेवर आणतो, तिला पॅरिसची ओढ लागते, ती निघून जाते, परत येते. नौकेचे नाव ‘लातालांत’, आणि चित्रपटाचेही तेच.

या साध्या कथेत व्हिगोने म्हातारा खलाशी झ्यूल, त्याची मांजरे आणि मोडक्या वस्तूंनी भरलेली त्याची खोली आणून ठेवली. मिशेल सिमोन या नटाचे ते काम एकदा पाहिले की विसरत नाही. पाण्यात डोळे उघडले तर प्रिय माणूस दिसते असे बायको म्हणत असे. ती गेल्यावर तांडेल कालव्यात उडी घेतो आणि तिला लग्नाच्या वेषात पाहतो. तारिसच्या वेळचा अनुभव इथे कामी आला. चित्रण झाले १९३३-३४ च्या कडक थंडीत, उघड्या कालव्यांवर. व्हिगोच्या अंगात ताप असे. संकलनाच्या वेळी तर तो अंथरुणाला खिळलेला होता.

१९३४ च्या एप्रिलमध्ये चित्रपटगृहवाल्यांना खेळ दाखवला, त्यांनी नाके मुरडली. मग गोमाँ कंपनीने कात्री चालवली, झोबेर यांच्या संगीताच्या जागी त्या वेळचे एक लोकप्रिय गाणे बसवले आणि त्या गाण्याचेच नाव चित्रपटाला दिले. सप्टेंबरमध्ये तो लागला आणि काही आठवड्यांत उतरला. ५ ऑक्टोबर १९३४ रोजी व्हिगो गेला. लिदूही १९३९ मध्ये गेली.

जमेची बाजू सगळी नंतरची. युद्धानंतर फिल्म सोसायट्यांतून त्याचे चित्रपट फिरू लागले. फ्रान्स्वा त्रुफो याने पोरवयात ते पाहिले. त्याच्या १९५९ च्या ‘फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये मास्तरांच्या मागे पळणारी मुले एकेक करून गल्लीत सटकतात, ते दृश्य व्हिगोच्या शाळेतूनच आलेले आहे. १९५१ पासून फ्रान्समध्ये होतकरू दिग्दर्शकांना त्याच्या नावाचा पुरस्कार देतात. ‘लातालांत’ची पहिल्या स्वरूपाच्या जवळची एक प्रत लंडनमधल्या संग्रहालयात निघाली, आणि १९९० मध्ये गोमाँ कंपनीनेच चित्रपट बराचसा पूर्ववत करून पुन्हा दाखवला.

भाषेची धास्ती कोणी बाळगू नये. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या मुलांना खालच्या ओळी वाचत चित्र पाहणे जड नाही. शिवाय ‘वर्तणुकीत शून्य’चे ध्वनिमुद्रण इतके कच्चे आहे की खुद्द फ्रेंच माणसालाही काही वाक्ये नीट लागत नाहीत. सुरुवात तारिसपासून करावी. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत तो पाहून होतो. ‘लातालांत’ मात्र रात्री, घाई नसताना पाहावा.