शरीराचं ‘फेस अनलॉक’: पीटर मेडावर आणि टी पेशींची गोष्ट

तुमचा फोन तुमचा चेहरा बघून उघडतो, शेजाऱ्याचा बघून उघडत नाही. थोडंफार असंच काम तुमच्या रक्तातल्या टी पेशी दिवसरात्र करत असतात. समोर आलेली पेशी आपली की परकी, हे त्या तपासतात. परकी वाटली की हल्ला! सख्ख्या भावाची किडनी बसवली तरी शरीर ती नाकारू शकतं, ते यामुळेच.

पण फोनमध्ये मालकाचा चेहरा आधी एकदा सेव्ह करावा लागतो. मग शरीर ‘आपलं काय’ हे कधी सेव्ह करतं? या प्रश्नाचा छडा लावण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या पीटर मेडावर यांच्याबद्दल आज मी लिहितोय. गंमत म्हणजे त्यांनी हे मोठं काम केलं तेव्हा ‘टी पेशी’ हे नावसुद्धा अस्तित्वात नव्हतं.

विमान कोसळलं आणि विषय सापडला

मेडावर यांचा जन्म १९१५ चा, ब्राझीलमधला. वडील मूळचे लेबनॉनचे, आई इंग्लिश. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं आणि ऑक्सफर्डला ते प्राणिशास्त्रज्ञ झाले. ते डॉक्टर नव्हते, हे लक्षात ठेवा.

१९४० मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्यांच्या घराजवळ एक विमान कोसळलं. त्यातला एक सैनिक भयंकर भाजला होता आणि त्याच्यासाठी काही करता येईल का, अशी विचारणा मेडावर यांच्याकडे झाली. अडचण अशी होती की त्वचा एवढी जळाल्यावर झाकायला नवीन त्वचा आणायची कुठून? स्वतःची पुरत नाही आणि दुसऱ्याची लावली तर काही दिवसांत गळून पडते. ती का गळते, हे तेव्हा कुणी नीट सांगू शकत नव्हतं.

मग मेडावर ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत गेले. तिथे सर्जन टॉमस गिब्सन यांच्याबरोबर त्यांनी एका भाजलेल्या तरुणीवर उपचार होत असताना निरीक्षणं केली. तिच्या जखमेवर त्वचेचे छोटे तुकडे लावले होते, काही तिचे स्वतःचे, काही तिच्या भावाचे. तिचे स्वतःचे टिकले. भावाचे आधी रुजल्यासारखे दिसले आणि मग नष्ट झाले. थोड्या दिवसांनी भावाच्या त्वचेचे आणखी तुकडे लावले, तर ते पहिल्यापेक्षा लवकर गेले.

खरी मेख या ‘लवकर’मध्ये आहे. त्वचा नुसती वाळून जात असती, तर दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला असता. दुसऱ्यांदा वेग वाढला, म्हणजे शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती. गोवर एकदा होऊन गेला की शरीर त्याला ओळखून ठेवतं, तसंच. म्हणजे परकी त्वचा नाकारणं हे रोगप्रतिकारशक्तीचं काम होतं. १९४३ मध्ये दोघांनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढे मेडावर यांनी सशांवर सविस्तर प्रयोग करून ते पक्कं केलं.

गायींनी गणित चुकवलं

युद्धानंतर मेडावर आणि त्यांचे सहकारी रूपर्ट बिलिंगहॅम यांच्याकडे एक साधा वाटणारा प्रश्न आला. गायीला जुळी वासरं झाली तर ती एकसारखी जुळी आहेत की वेगवेगळी, हे कसं ओळखायचं? त्यांना वाटलं, सोपं आहे. एकाची त्वचा दुसऱ्याला लावून बघू. एकसारखी असतील तर टिकेल, वेगळी असतील तर गळेल.

झालं भलतंच. वेगळ्या जुळ्यांचीही त्वचा एकमेकांवर टिकली! अगदी एक गोऱ्हा आणि एक कालवड असली तरी.

उत्तर अमेरिकेतल्या रे ओवेन यांच्या १९४५ च्या कामात होतं. गायीच्या पोटात जुळ्या वासरांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि दुसऱ्याच्या रक्तपेशी जन्मभर अंगात राहतात. ऑस्ट्रेलियातले मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ मध्ये यावरून अंदाज बांधला होता की शरीर ‘आपलं’ काय हे जन्मतःच जाणत नाही, ते गर्भात असताना शिकतं. म्हणजे त्या वयात परकी पेशी भेटली, तर तीही ‘आपली’ म्हणून सेव्ह होते.

पाच उंदीर

अंदाज चांगला होता, पण सिद्ध कोण करणार? आता मेडावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. सोबत बिलिंगहॅम आणि तरुण विद्यार्थी लेस्ली ब्रेंट. त्यांनी आईच्या पोटात असलेल्या उंदराच्या पिल्लांना दुसऱ्या जातकुळीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या अंगावर त्याच परक्या जातकुळीची त्वचा लावली. पाचपैकी तीन उंदरांवर ती छान टिकली.

मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं, आणि मला हा भाग सगळ्यात हुशारीचा वाटतो. अशा एका उंदराला त्यांनी त्याच्याच जातकुळीच्या, पण ती परकी त्वचा आधी नाकारलेल्या उंदराच्या लसिका ग्रंथींतल्या पेशी टोचल्या. इतके दिवस टिकलेली त्वचा नष्ट झाली. म्हणजे त्वचा बदललेली नव्हती, ती परकीच होती. फक्त उंदराच्या स्वतःच्या पेशी तिच्याकडे दुर्लक्ष करत होत्या.

हा शोधनिबंध १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. १९६० चं नोबेल मेडावर आणि बर्नेट यांना मिळालं. मेडावर यांनी आपल्या वाट्याच्या पैशातला हिस्सा बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांना दिला.

डोळ्यांसमोरची ग्रंथी

आता बघा, ‘शिकणं’ होतं कुठे? छातीत, हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. हे उंदीर मोठे झाल्यावर परकी त्वचा नाकारेनातच. मेडावर यांची पद्धत वापरून मिळालेलं हे उत्तर खुद्द मेडावर यांना मात्र पटलं नाही. थायमसमध्ये लिम्फोसाइट पेशी सापडणं हा उत्क्रांतीतला बिनमहत्त्वाचा अपघात आहे, असं मत त्यांनी त्या काळात मांडलं होतं.

ते चुकले. त्याच पेशींना पुढे थायमसवरून ‘टी पेशी’ हे नाव मिळालं. टी पेशी थायमसमध्ये तयार होतात आणि त्यांची तिथे परीक्षा होते. ज्या पेशी आपल्याच शरीरावर जोरात चवताळतात, त्यातल्या बहुतेक तिथेच संपवल्या जातात. मेडावर यांच्या उंदरांनी परकी त्वचा का स्वीकारली, याचं मोठं कारण या परीक्षेत आहे.

आज याचा उपयोग काय?

ब्रिटिश सर्जन रॉय काल्न यांनी एक आठवण सांगितली आहे. मेडावर यांच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, याचा रुग्णांना काही उपयोग होईल का? मेडावर यांनी साफ नाही म्हटलं. काल्न यांनी मात्र ऐकलं नाही. ते प्रत्यारोपणातले अग्रणी झाले आणि १९७८ मध्ये त्यांनी सायक्लोस्पोरिन हे औषध रुग्णांना देऊन पाहिलं.

हे औषध काम कसं करतं? टी पेशीला परकी पेशी भेटली की तिच्या पृष्ठभागावरून आत निरोप जातो. पेशीत कॅल्शियम वाढतं, त्यामुळे कॅल्सिन्यूरिन नावाचं प्रथिन जागं होतं आणि ते पुढे केंद्रकापर्यंत ‘कामाला लागा’ असा संदेश पोचवतं. मग टी पेशींची संख्या झपाट्याने वाढते. सायक्लोस्पोरिन आणि आज जास्त वापरलं जाणारं टॅक्रोलिमस, ही दोन्ही औषधं कॅल्सिन्यूरिनला अडवतात. नोटिफिकेशन आलं, पण ॲप उघडलंच नाही, असं समजा.

पण यात एक तोटा आहे. ही औषधं टी पेशींचं खरं जंतूंशी लढणंही मंदावतात. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या माणसाला जंतुसंसर्ग जपावा लागतो आणि गोळ्या सहसा आयुष्यभर चुकवता येत नाहीत.

शेवटची वर्षं

१९६९ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये जाहीर वाचन करत असताना मेडावर यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. पत्नी जीन यांच्या साथीने ते पुन्हा कामाला लागले. त्यांनी कर्करोगावर संशोधन केलं, तरुण शास्त्रज्ञांसाठी सल्ल्याचं एक छोटं पुस्तक लिहिलं आणि १९८६ मध्ये आत्मचरित्रही आणलं. २ ऑक्टोबर १९८७ रोजी ते गेले.

त्यांच्या उंदरांना एकही गोळी लागली नव्हती, कारण त्यांच्या शरीराने परक्याला आपलं मानलं होतं. मोठ्या माणसाच्या टी पेशींना हेच नव्याने शिकवायचे प्रयत्न आजही चालू आहेत आणि काही थोड्या रुग्णांत ते साधलंही आहे. तोपर्यंत तुमच्या ओळखीत कुणी किडनी बसवलेलं असेल आणि ठरल्या वेळी फोनचा अलार्म वाजल्यावर गोळी घेत असेल, तर ती गोळी नेमका कोणता निरोप अडवते, ते आता तुम्हाला माहीत आहे.