प्रार्थनेत टाळ नेणारे रेव्हरंड टिळक

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून या अंकात संतांची चरित्रं येणार, ते योग्यच आहे. आम्ही मात्र एका ख्रिस्ती भक्ताचं चरित्र लिहून देत आहोत. माळकऱ्याला हे काय सुचलं, असं कुणाला वाटेल. तरी माऊलींनी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावी ब्राह्मणाच्या घरी जन्मले. नाशकात संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली, त्याच लक्ष्मीबाई. टिळकांचं मन एका जागी ठरत नसे. नोकऱ्या धरल्या, सोडल्या, गावोगाव फिरले, कविता केल्या. पुढं राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाशी गाठ पडली. त्यानं ख्रिस्ती धर्माचं पुस्तक वाचायला दिलं. टिळकांनी ते नेमानं वाचलं, आणि डोंगरावर येशूनं केलेला उपदेश त्यांच्या मनात घर करून बसला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरादारावर जणू वीजच पडली. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, काही काळ आपल्या पंढरपुरातही होत्या. नवरा-बायकोची ही ताटातूट चार-पाच वर्षं चालली. पुढं बाई टिळकांकडं गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. कुणाचं कुठं चुकलं, याचा निवाडा आम्ही करत नाही. धर्म बदलला की घर किती सोसतं, एवढं मात्र त्यातून कळतं.

टिळक नगरला अमेरिकन मिशनमध्ये काम करू लागले. १९०४ साली ते पाळक झाले, म्हणून रेव्हरंड. नगरकडच्या खेड्यांतले बरेच ख्रिस्ती लोक म्हणजे आपल्यासारखेच मातीतले, गरीब, गावकुसाबाहेर ठेवलेले. प्रार्थनेला मात्र पुष्कळ गाणी इंग्रजी चालीवरची. शब्द मराठी, पण सूर परमुलखातला. माणूस तोंडानं म्हणायचा, पण उर भरून यायचा नाही.

टिळकांना ते सलायचं. लहानपणापासून ऐकलेली अभंग-ओवी त्यांनी टाकली नव्हती. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबारायांच्या वाटेनं, असं ते मानत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, पदं रचली. टाळ, भजन, कीर्तन प्रार्थनेत आणलं, स्वतः उभं राहून कीर्तन केलं. हे तर हिंदूंचं, यानं आपल्या उपासनेचं गांभीर्य जाईल, अशी भीती काहींना वाटली. ती भीती खोटी म्हणता येत नाही. देवापुढं काय चालावं नि काय नाही, याची काळजी ज्याला असते त्यालाच भीती वाटते. पण झालं उलट. आपल्या सुरात देवाचं नाव आल्यावर लोक मनापासून गाऊ लागले. आजही मराठी ख्रिस्ती लोकांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात टिळकांची पुष्कळ पदं आहेत आणि ती रविवारी गातात.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्याला तिथं जागा होती. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांनी देह ठेवला. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढं लिहिलं.

आता हे दिंडीच्या अंकात का, ते सांगतो. काही वर्षांमागं एका मुक्कामाला गर्दी जमावी म्हणून आम्हीच सिनेमाच्या चालीवर अभंग घेतला. पोरं डोलली, मोबाइल वर झाले, टाळ्या पडल्या. आमच्या दिंडीचे म्हातारे विणेकरी वीणा घेऊन मुकाट्यानं बाजूला जाऊन बसले. रात्री आम्ही एका पोराला विचारलं, अभंग कुणाचा होता रे? त्याला सांगता आलं नाही. सिनेमाचं नाव मात्र त्यानं लगेच सांगितलं.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात आहे. चाल तर टिळकांनीही बदलली, मग आमचं काय चुकलं? विचार करता असं दिसलं की ज्या सुरात लोकांना आधीच हात जोडायची सवय होती, तो सूर टिळकांनी घेतला. आम्ही ज्या सुरात लोकांना नाचायची सवय होती तो घेतला, आणि मग हात जुळत नाहीत म्हणून पोरांना बोल लावला.

नवं काही येऊच नये, असं आम्ही म्हणत नाही. लाउडस्पीकर आला, ट्रक आला, उद्या आणखी काही येईल. पण फडावर नवं काही आणण्याआधी एकदा बघावं, यानं ऐकणाऱ्याचं मन विठ्ठलाकडं जातं की गाणाऱ्याकडं. दुसऱ्या धर्माच्या एका माणसानं आपलाच टाळ हातात घेऊन ही पारख राखली. आपण तर त्या टाळाचे घरचे मालक. पुढच्या शंभर वर्षांत दिंडीनं एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

रामकृष्ण हरी.