माता रमाई : दुःख पचविणारी माउली

रमाईंचा जन्म १८९८ साली दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहात. आईबाप लवकर गेले, आणि नातलगांनी पोरक्या भावंडांना मुंबईस आणले. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या मासळी बाजारात भीमरावांशी त्यांचे लग्न लागले.

बाबासाहेब विद्येसाठी परदेशी असताना रमाईंनी अर्धपोटी राहून संसार ओढला. पाच मुलांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्न, अशी चार मुले गेली. एकटा यशवंत उरला. राजरत्नाच्या मृत्यूने बाबासाहेबही पार खचले. तरी आठच महिन्यांनी महाडचे चवदार तळे त्यांच्या हातून मोकळे झाले. १९२९ साली आपल्या खानदेशात, चाळीसगावला, टांग्यातून पडून त्यांचा पाय मोडला. घोर हा रमाईंच्या पाचवीलाच पुजला होता.

पंढरपूरला जाण्याची त्यांची इच्छा होती. जो देव आपल्या माणसांना दाराबाहेर ठेवतो त्याच्याकडे कशाला जायचे, असे बाबासाहेबांनी समजाविले. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंचे निधन झाले. एवढा ज्ञानी पुरुष, पण लहान मुलासारखा रडला. उत्तरक्रिया जुन्याच रितीने झाली. बाबासाहेबांनी डोके मुंडविले, भगवी वस्त्रे घातली. पाच महिन्यांत त्यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. १९५६ ची दीक्षा पाहण्यास मात्र रमाई नव्हत्या.

बंधुभगिनींनो, बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात किसा गोतमीची कथा घेतली आहे. मेलेले मूल कवटाळून औषध मागणाऱ्या त्या आईला भगवंतांनी रडू नकोस असे म्हटले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही तेथून मोहरी आण, एवढेच सांगितले. दारोदार फिरताना तिला कळले की हे दुःख घरोघरचे आहे.

म्हणून आपल्या घरी मृत्यू झाला तर डोळ्यांतले पाणी अडवू नका. रडणे हे धम्माविरुद्ध नाही. पण पिंड, कावळा आणि तेराव्याच्या जेवणासाठी सावकाराचे कर्जही काढू नका. त्रिशरण-पंचशील म्हणा, अनित्यतेचा विचार करा, आणि शेजारच्या दुःखी घरी जाऊन बसा. चार लेकरे गमावूनही समाजाच्या लेकरांची आई झालेल्या रमाईंना हीच खरी आदरांजली.