लिलिउओकालानी

लिलिउओकालानी (जन्म : २ सप्टेंबर १८३८, होनोलुलू, मृत्यू : ११ नोव्हेंबर १९१७, होनोलुलू) या हवाई राज्याच्या शेवटच्या सार्वभौम शासक व एकमेव राज्यकर्त्या राणी होत्या. त्या हवाईयन भाषेतील महत्त्वाच्या गीतकार आणि संगीतकारही होत्या. त्यांनी दीडशेहून अधिक गीते रचली. राज्य गेल्यानंतर आणि शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाल्यानंतरही ही भाषा प्रार्थनासभांत आणि गायनाच्या मेळाव्यांत टिकून राहिली. त्यात लिलिउओकालानी यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे.

जन्म व बालपण

लिलिउओकालानी यांचे वडील कापाआकेआ व आई केओहोकालोले हे दोघेही उच्च सरदार घराण्यांतील होते. तत्कालीन राजप्रतिनिधी कीनाउ यांना त्या वेळी डोळ्यांचा विकार झाला होता. त्यामुळे नवजात मुलीला डोळ्यांची आग, अश्रू व वेदना असा अर्थ असलेले नाव देण्यात आले. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे नाव लिडिया ठेवले गेले. हवाईमध्ये मूल जन्मतःच दुसऱ्या कुटुंबाकडे वाढवण्यास देण्याची प्रथा होती, तिला हानाई म्हणतात. या प्रथेनुसार पाकी व कोनिआ या सरदार दांपत्याने त्यांचे पालन केले. या दांपत्याची कन्या बर्निस पाउआही व लिलिउओकालानी बहिणींप्रमाणे एकत्र वाढल्या.

शिक्षण

वयाच्या चौथ्या वर्षी त्यांना सरदारांच्या मुलांसाठी असलेल्या निवासी शाळेत घालण्यात आले. ही शाळा अमेरिकन मिशनरी कुक दांपत्य चालवीत असे. येथे शिक्षण इंग्रजीतून होई, घरची भाषा मात्र हवाईयन होती. या शाळेत त्यांना स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण मिळाले. पुढे त्या पियानो, ऑर्गन, गिटार, युकुलेले व ऑटोहार्प ही वाद्ये वाजवू लागल्या.

हवाईयन भाषा पूर्वी केवळ मौखिक होती. वंशावळी, देवकथा व स्तुतिगीते मुखोद्गत करून पुढच्या पिढीकडे दिली जात. मिशनऱ्यांनी तिच्यासाठी रोमन अक्षरांवर आधारित लिपी बसवली आणि १८२२ मध्ये छपाई सुरू झाली. संपूर्ण बायबलचे हवाईयन भाषांतर १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मिशनऱ्यांनी हुला नृत्य व जुनी गाणी निषिद्ध मानली, त्यांच्याच चर्चमुळे लोकांना स्वतःच्या भाषेत एकत्र बसून वाचण्याची व गाण्याची सवय लागली.

प्रार्थना व संगीत

होनोलुलूतील कावायाहाओ चर्च प्रवाळाच्या दगडांत बांधलेले असून ते १८४२ मध्ये पूर्ण झाले. तेथील उपासना हवाईयन भाषेत होत असे. लिलिउओकालानी या चर्चच्या गायकवृंदाच्या संचालिका होत्या. त्या काळी हवाईचे राष्ट्रगीत म्हणून इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चाल वापरली जाई. पाचवे कामेहामेहा यांच्या सांगण्यावरून त्यांनी १८६६ मध्ये 'हे मेले लाहुइ हवाइ' हे हवाईयन भाषेतील राष्ट्रगीत रचले. हे गीत प्रार्थनेच्या स्वरूपाचे असून ते प्रथम कावायाहाओच्या गायकवृंदाने गायिले. सुमारे दहा वर्षे ते राष्ट्रगीत म्हणून प्रचारात होते.

कालाकाउआ, लिलिउओकालानी, लिकेलिके व लेलेइओहोकु ही चारही भावंडे संगीतरचनाकार होती. प्रत्येकाभोवती गायकांचा एक मेळा असे आणि या मेळ्यांमध्ये स्पर्धा चाले. चार स्वरांत गायिल्या जाणाऱ्या स्तोत्रांची पाश्चात्त्य पद्धत आणि हवाईयन काव्याची जुनी रीत यांचा संगम त्यांच्या गीतांत आढळतो. फूल, पाऊस, वारा किंवा स्थळाचे नाव घेऊन व्यक्ती अथवा प्रसंग सुचवणे, हे या काव्याचे वैशिष्ट्य होय. या गर्भित अर्थास काओना म्हणतात. लिलिउओकालानी यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत 'अलोहा ओए' हे १८७८ च्या सुमारास रचले गेले. ते मूळचे दोन प्रेमिकांच्या निरोपाचे गीत आहे. पुढे ते हवाईचा निरोप घेणाऱ्यांसाठी गायिले जाऊ लागले, आणि राज्य गेल्यावर त्याला राष्ट्राच्या निरोपाचा अर्थ प्राप्त झाला.

विवाह व सार्वजनिक कार्य

१६ सप्टेंबर १८६२ रोजी त्यांचा विवाह जॉन ओवेन डॉमिनिस यांच्याशी झाला. १८७४ मध्ये कालाकाउआ राजे झाले. १८७७ मध्ये धाकटे बंधू लेलेइओहोकु यांच्या निधनानंतर लिलिउओकालानी यांना वारस म्हणून घोषित करण्यात आले आणि हे नावही त्यांना त्याच वेळी मिळाले. १८८१ मध्ये कालाकाउआ जगप्रवासास निघाले असता त्यांनी राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. याच प्रवासात कालाकाउआ कोलकात्याहून रेल्वेने मुंबईस आले होते. त्या वर्षी हवाईत देवीची साथ आली. तेव्हा व्यापाऱ्यांची नाराजी पत्करून लिलिउओकालानी यांनी बंदरे बंद केली. हवाईयन मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी १८८६ मध्ये एक संस्था स्थापन केली.

राज्यारोहण व पदच्युती

१८८७ मध्ये सशस्त्र गटाच्या दबावाखाली कालाकाउआ यांना नवी राज्यघटना स्वीकारावी लागली. तिने राजाचे अधिकार कमी केले व मालमत्तेच्या अटी घालून अनेक हवाईयन लोकांचा मताधिकार काढून घेतला. कालाकाउआ यांच्या मृत्यूनंतर २९ जानेवारी १८९१ रोजी लिलिउओकालानी गादीवर आल्या. ही घटना बदलण्याचा प्रयत्न त्यांनी केला. त्यावर १७ जानेवारी १८९३ रोजी प्रामुख्याने अमेरिकन व युरोपीय वंशाच्या व्यावसायिकांच्या गटाने त्यांना पदच्युत केले. त्या वेळी अमेरिकन युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरवण्यात आले होते. रक्तपात टाळण्यासाठी त्यांनी निषेध नोंदवून सत्ता सोडली.

नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घेण्यास राजवाद्यवृंदातील अनेक वादकांनी नकार दिला. त्यांच्या भावना व्यक्त करणारे 'काउलाना ना पुआ' हे गीत एलन प्रेंडरगास्ट यांनी रचले.

कारावासातील रचना

जानेवारी १८९५ मध्ये राजसत्तेच्या पुनःस्थापनेसाठी झालेला उठाव फसला. त्यानंतर लिलिउओकालानी यांना अटक झाली व त्यांच्याकडून राज्यत्यागाच्या पत्रावर सही घेण्यात आली. राजद्रोहाची माहिती दडवल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर इओलानी राजवाड्यातील त्यांच्याच सिंहासनकक्षात खटला चालला. त्यांना पाच वर्षे सक्तमजुरी व ५,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करून त्यांना राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरील एका खोलीत सुमारे आठ महिने कैदेत ठेवण्यात आले.

त्यांना वर्तमानपत्रे मिळत नसत. मात्र त्यांच्या बागेतील फुले वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली जात आणि त्यांतून बाहेरच्या बातम्या कळत. या फुलांवर त्यांनी एक गीत रचले. वरकरणी ते बागेचे वर्णन आहे. मार्च १८९५ मध्ये त्यांनी 'के अलोहा ओ का हाकु' हे स्तोत्र लिहिले आणि ते आपली भाची काइउलानी हिला अर्पण केले. ते राणीची प्रार्थना या नावाने ओळखले जाते. आपल्याला बंदिवान करणाऱ्यांना क्षमा मिळावी, अशी विनवणी तीत आहे. त्या सत्तेपुढे झुकल्या, असा मात्र याचा अर्थ नव्हता. सुटकेनंतर त्यांनी हवाईच्या विलीनीकरणास ठाम विरोध सुरूच ठेवला. 'कुमुलिपो' या दोन हजारांहून अधिक ओळींच्या सृष्ट्युत्पत्तिकाव्याचे इंग्रजी भाषांतरही त्यांनी या काळात हाती घेतले. ते १८९७ मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले.

भाषेवरील निर्बंध व विलीनीकरण

हवाईयन माध्यमाच्या शाळा आधीपासूनच घटत होत्या. १८९६ मध्ये हवाई प्रजासत्ताकाने कायदा करून सर्व शाळांसाठी इंग्रजी हेच माध्यम ठरवले. शाळेत हवाईयन बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी पुढील पिढ्यांनी नोंदवल्या आहेत. अशा वेळी घर, हवाईयन वृत्तपत्रे आणि चर्च यांतच ही भाषा उरली.

१८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्धच्या निवेदनावर २१,००० हून अधिक लोकांनी सह्या केल्या. १८९० च्या जनगणनेत हवाईयन व अंशतः हवाईयन वंशाच्या लोकांची संख्या सुमारे ४०,००० होती. त्यांचे आत्मचरित्र १८९८ मध्ये प्रकाशित झाले. त्याच वर्षी हवाई अमेरिकेत विलीन झाले.

अखेरचा काळ

त्यानंतर त्या होनोलुलूतील वॉशिंग्टन प्लेस या निवासस्थानी राहिल्या. १९०९ मध्ये त्यांनी अनाथ व निराधार मुलांसाठी न्यास स्थापन केला. ११ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव कावायाहाओ चर्चमध्ये दर्शनासाठी ठेवण्यात आले आणि नंतर माउना आला येथील राजघराण्याच्या स्मशानभूमीत नेण्यात आले.

वारसा

१९७८ च्या घटनादुरुस्तीने हवाईयन भाषेला इंग्रजीबरोबर राज्याच्या अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. १९८७ पासून सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग पुन्हा सुरू झाले. राजसत्ता उलथवण्यातील सहभागाबद्दल अमेरिकन संसदेने १९९३ मध्ये क्षमायाचनेचा ठराव केला. १९९५ मध्ये चारही भावंडांचा हवाईयन संगीताच्या सन्माननीयांत समावेश झाला. ओआहु बेटावरील हालेइवा येथील चर्चला लिलिउओकालानी यांचे नाव आहे. त्यांनी भेट दिलेल्या तेथील घड्याळावर आकड्यांच्या जागी त्यांच्या नावाची बारा रोमन अक्षरे आहेत. राणीची प्रार्थना आजही हवाईतील चर्चमध्ये व सामुदायिक मेळाव्यांत मूळ हवाईयन भाषेत गायिली जाते. हवाईयन न बोलणारे अनेक जणही ती मुखोद्गत म्हणतात.